खाडीपलीकडे, हाफ तिकिटात

उरणहून अलिबागला गाडीने जायचे तर आधी समुद्राकडे पाठ फिरवावी लागते. पेण गाठायचे, वडखळला वळायचे, पोयनाडवरून पुन्हा पश्चिमेला यायचे, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा घालून माणूस परत समुद्राच्याच काठाला लागतो. ज्याच्याकडे गाडी नाही तो करंजाच्या धक्क्यावर जातो, लाँचमध्ये बसतो आणि पाव तासात धरमतरची खाडी ओलांडून रेवसला उतरतो. तिथून एस.टी.ने अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर. गाडीवाल्यापेक्षा बिनगाडीवाल्याची वाट जवळची, असे आपल्या देशात सहसा घडत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर ते अजून घडते, कारण हा मुलूख खाड्यांनी कापलेला आहे आणि खाडी ओलांडायची होडी कुणाची खासगी नसते.

आम्ही तिघी द्रोणागिरीत राहतो. सिडकोने वसवलेल्या नव्या इमारती, अर्ध्या भरलेल्या, अर्ध्या रिकाम्या. मागे द्रोणागिरीचा डोंगर. हनुमानाने लंकेला नेलेल्या पर्वताचा एक तुकडा इथे पडला, अशी कथा शेजारणी सांगतात. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि पायथ्याशी करंजाचे कोळीवाडे. आम्ही जवळच्याच एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्यातली एक उरणच्या मोहल्ल्यातली, एक म्हसळ्याकडची, एक बीडची. बीडवाली नोकरीसाठी इथे आली तोवर तिने समुद्र पाहिला नव्हता. तिघीही तिशी ओलांडलेल्या, बी.एड. झालेल्या. बी.एड.च्या वर्षाला 'शैक्षणिक सहलीचे नियोजन' अशी एक फाईल करावी लागते. उद्दिष्टे, पूर्वतयारी, अपेक्षित निष्पत्ती, सगळे सुवाच्य अक्षरात. सहल मात्र कुठेच जात नाही. ती फाईल आमच्या तिघींच्या घरी अजून आहे.

या वेळी आम्हाला खरी सहल काढायची होती. सातवीच्या वर्गात जंजिरा शिकवताना एका मुलाने विचारले होते, "मिस, ये अपने से कितना दूर है?" सरळ रेषेत मोजले तर फार दूर नाही. त्याच जिल्ह्यातला किल्ला. पण वर्गातल्या एकाही मुलाने तो पाहिला नव्हता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील बंदरातल्या कंटेनरचे ट्रेलर चालवतात. रात्र-रात्र स्टिअरिंगवर असलेल्या माणसाच्या घरी स्वतःची गाडी नाही, यात या भागात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मागच्या वर्षी खासगी बसचा भाव काढला, तो डोईजोड झाला आणि सहल वार्षिक अहवालातून गुपचूप गळली. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्हीच आधी जाऊन यायचे ठरवले. तीन दिवस, दोन रात्री, प्रत्येकी अडीच हजार रुपये आणि एकही भाड्याची गाडी करायची नाही. आधी आपण त्या वाटेने जायचे, मग ती मुलांच्या पालकांसमोर ठेवायची.

तयारीत पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, पाण्याचा होता. या किनाऱ्यावर वेळापत्रक चंद्र ठरवतो. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही. मुंबईहून येणारे प्रवासी भाऊच्या धक्क्यावर ताटकळतात, हे उरणकरांना पाठ आहे. कोळ्यांचा एक साधा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आगेमागे ओहोटी. उरणवालीच्या अब्बांनी यात आमच्या सोयीची एक गोष्ट सांगितली. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर चांदची तारीख छापलेली असते, तिच्यात एक-दोन मिळवले की तिथी येते. चांद दिसतो तोच मुळी अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. रमजान-मुहर्रम पाहण्यापुरते ते कॅलेंडर उघडणाऱ्या आम्हाला त्यात समुद्राचे वेळापत्रकही आहे हे माहीत नव्हते. आम्ही निघालो तो दिवस चांदची सात, म्हणजे अष्टमी. भांगाचे पाणी. अशा दिवशी भरतीही थोडी आणि ओहोटीही थोडी. लाँचला बरे, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायला मात्र वाईट.

दुसरी गोष्ट तिकिटाची. १७ मार्च २०२३पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट आहे. एस.टी.ची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना १९८८पासून चालू आहे आणि एकट्या पुरुष प्रवाशाला ती अजून परवडते. आमच्यासारखीला हाफ तिकिटापुढे तिची गरज पडत नाही. जानेवारी २०२५मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले, तरी अर्धे ते अर्धेच. आणखी एक गंमत हिशेब करताना लक्षात आली. पाच ते बारा वर्षांच्या सगळ्या मुलांना अर्धे तिकीट असते. बारा ओलांडले की मुलाला पूर्ण, मुलीला मात्र अर्धेच. सातवी-आठवीत पोचताच ज्या मुलीचे बाहेर जाणे घरात महाग होऊ लागते, तिचे तिकीट सरकारने स्वस्त करून ठेवले आहे. हा मुद्दा आम्ही पालकसभेसाठी वहीत लिहून घेतला.

भीतीचा मुद्दा वहीत लिहायची गरज नव्हती, तो घरोघर होता. उरणवालीच्या दादीने लाँचचे नाव काढताच 'रामदास'चे नाव काढले. १७ जुलै १९४७ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्या आणि रमजान दोन्ही तोंडावर होते, माणसे सणाला घरी निघाली होती. किनाऱ्यावरच्या सगळ्या जमातींत त्या दिवसाच्या कथा आहेत. त्यानंतरचे अपघात तर आमच्याच आठवणीतले. १ फेब्रुवारी २०१६ला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या समुद्रात उतरली आणि चौदा विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. ती तर आमच्याच समोरच्या पाण्यात. मुरूडच्या घटनेनंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि बऱ्याच शाळांनी नियम पाळण्यापेक्षा समुद्रच टाळला. आम्हाला वाटते, यात एक फरक झाकला जातो. १९४७ची बोट प्रवाशांची होती, २०१६ची मुले पोहायला उतरली होती. पाण्यावरून जाणे आणि पाण्यात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी लाइफ जॅकेट आणि मोजकी माणसे पाहावीत. दुसरी मुलांसोबत करूच नये. हे दादीला पटले की नाही कळले नाही. तिने प्रत्येकीवर आयतुल कुर्सी पढून फुंकर घातली आणि जाऊ दिले.

करंजाच्या लाँचमध्ये आम्ही पहिल्यांदा बसत नव्हतो. उरण तालुका रायगड जिल्ह्यातला आणि जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग. जिल्हा परिषद तिथे, शिक्षण खाते तिथे. सेवापुस्तक, वेतननिश्चिती, त्रुटी दाखवून परत आलेला प्रस्ताव, अशी कामे घेऊन उरणचे शिक्षक वर्षानुवर्षे ही खाडी ओलांडत आले आहेत. फाईल पोटाशी धरून, पदर किंवा नकाब वाऱ्याने उडू नये म्हणून दातात धरून. त्या फेऱ्यांत आम्ही कधी खाडी पाहिली नव्हती, घड्याळ पाहिले होते. या वेळी हातात फाईल नसल्याने द्रोणागिरीचा डोंगर मागे सरकताना दिसला. शेजारी टोपल्या घेतलेल्या कोळणी होत्या, एक मोटारसायकल होती, आणि बहिणीकडे निघालेली एक आगरी आजी, जिने आमच्या डब्यातले अंडे विचारून घेतले.

रेवसहून पुढचा रस्ता शहरवाल्यांच्या बंगल्यांचा. भिंती उंच आणि दारांवर इंग्रजी नावे. इथे न गाडी असलेल्या माणसाला पाहण्यासारखे म्हणजे मांडव्याजवळचे सासवणे. शिल्पकार वि. पां. करमरकर (१८९१-१९६७) याच गावचे. पुण्याचा १९२८चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांनी घडवला. त्यांच्या घरातल्या शिल्पालयात गावची माणसे, कोळी बायका, जनावरे जशीच्या तशी उभी आहेत. आमच्या घरांत पुतळे ठेवत नाहीत, त्यामुळे बीडवाली आधी दारातच घुटमळली. मग एका म्हशीसमोर इतका वेळ थांबली की आमची गाडी चुकली. तिच्या माहेरी तशीच म्हैस होती म्हणे. पुढची एस.टी. येईना, म्हणून मिनिडोरने चोंढीपर्यंत आणि तिथून दुसऱ्या मिनिडोरने अलिबागला. अलिबागकडे ही सहा आसनी रिक्षाच खेड्यांची खरी वाहतूक आहे. भाडे आधी विचारायचे नसते. शेजारची बाई देईल तितके काढून द्यायचे.

अलिबागला किल्ल्यात गेलो नाही. दुपारची ओहोटी असूनही भांगाच्या पाण्याने वाट पुरती मोकळी केली नव्हती. लोक घोडागाडीतून जात होते आणि घोड्यांच्या पोटाला पाणी लागत होते. किनाऱ्यावर बसून डबे खाल्ले. बाजारामागे इस्राएल आळी आहे, तिथे बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनास्थळ आहे. या लोकांतल्याच अली नावाच्या एका बागायतदाराच्या बागांवरून गावाला अलिबाग नाव पडले, असे सांगतात. अली हे नाव ऐकून आपण आपलेच समजून चालतो, हे आमच्या मुलांना सांगायला हवे.

मुरूडची एस.टी. चौल-रेवदंड्यावरून जाते. अलिबाग ते मुरूड पन्नास किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन तास धरावा. खिडकी समुद्राच्या बाजूची, म्हणजे जाताना उजवीकडची, मिळवावी. चौल आज नारळी-पोफळीत बुडालेले शांत गाव आहे. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६मध्ये इथे आला, तेव्हा हे बंदर होते आणि इथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचे त्याने लिहिले. इ.स. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. वाटेत लुटला गेलेला आणि जवळ विकायला एक घोडा तेवढा. तोही जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि पुढे मध्यस्थीने परत मिळाला. चौलहून जुन्नरपर्यंत तो घाट चढून गेला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. कमी पैशांत कोकण पाहणाऱ्यांत तो आमचा पूर्वज म्हणायला हरकत नाही, फक्त त्याला हाफ तिकीट नव्हते. कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडे कोर्लई. या गावात पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक भाषा ख्रिस्ती वस्तीत अजून बोलतात, तिला ते 'नोलिंग' म्हणतात, अर्थ आमची भाषा. म्हसळावाली म्हणाली, आमच्या घरच्या कोकणीला तर आम्ही नावसुद्धा दिले नाही. शाळेत उर्दू, कचेरीत मराठी, आणि आईशी बोलतो ती भाषा कुठल्याच रकान्यात नाही.

मुरूडच्या राहण्याचे सांगणे थोडे अवघड आहे. आम्ही निघण्याआधी एका घरगुती निवासात फोन केला होता. खोली होती, भाडे ठरले, जेवणात मासे चालतील का हेही विचारून झाले. मग नाव विचारले. नाव सांगितल्यावर बाईंनी "जरा थांबा हं" म्हटले, फोनवर हात ठेवला आणि थोड्या वेळाने सांगितले की खोलीचे आधीच बुकिंग झालेले आहे, लक्षात राहिले नव्हते. आवाजात राग नव्हता, उलट संकोच होता. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तुमचं मराठी इतकं छान आहे, वाटलंच नाही." आम्ही तिघी हसलो, कारण हे वाक्य प्रत्येकीने कुठे ना कुठे ऐकले होते. गाडी असली की माणूस चार दारे फिरून पाचव्या दारी थांबतो. पाठीवर बॅग घेऊन एस.टी.ने उतरणाऱ्या बाईला मुक्काम आधी पक्का असावा लागतो. स्वस्त प्रवासाच्या हिशेबात हा खर्च कुणी मांडत नाही. मुरूडला शेवटी म्हसळावालीच्या आत्याच्या ओळखीने एका कोकणी घरात माडीवरची खोली मिळाली. घरच्या खालांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगडे वाढले, भाडे घेताना दोनदा नाही म्हटले आणि तिसऱ्यांदा मोजून घेतले.

सकाळी राजापुरी. जंजिऱ्याला जायच्या शिडाच्या होड्या इथून सुटतात. पावसाळ्यात त्या बंद असतात आणि किल्लाही. आमच्या होडीत वीसेक माणसे होती. वारा भरताच शीड फुगले आणि इंजिनाचा आवाज नसल्याने सगळे आपोआप हळू बोलू लागले. भीती वाटावी अशी जागा एकच. दरवाज्याच्या पायऱ्यांशी होडी लाटेवर खालीवर होते आणि नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. होडीवाल्याने हात धरला. चाळीस मुले इथे कशी उतरवायची, हे आम्ही तिथेच उभे राहून पाहिले. दहादहाची तुकडी, वर एक शिक्षिका, खाली एक, आणि होडीवाल्याशिवाय कुणी कुणाचा हात ओढायचा नाही.

जंजिरा म्हणजे अरबी 'जझीरा', बेट. बावीस एकरांचा किल्ला, चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचे दोन तलाव. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना तो घेता आला नाही. समोरच्या कासा बेटावर महाराजांनी पद्मदुर्ग उभारला, तो तटावरून दिसतो. दरवाज्यावर पंजात हत्ती धरलेला वाघासारखा प्राणी कोरला आहे. सगळे त्याचेच फोटो काढतात. त्याहून आम्हाला गुंतवून ठेवले ते शिलालेखांनी. अक्षरे अरबी-फारसी वळणाची. पूर्ण अर्थ लागला असे नाही, फारसी आम्ही शिकलेलो नाही, पण अक्षरे सुटी होत गेली, अलिफ, लाम, खे, मग एक नाव, मग एक ओळखीचा शब्द. भोवतालच्या पर्यटकांना जी नक्षी होती ती आम्हाला लिपी होती. आमच्या वर्गातली मुलेही हे वाचतील, असे तिघींच्या मनात एकाच वेळी आले. या मुलांना रोज सांगितले जाते की उर्दूत शिकून काय होणार. इथे निदान एका दगडासमोर ती सगळ्यांच्या पुढे उभी राहतील.

तेवढ्यात वाटाड्या आमच्याकडे पाहून म्हणाला, "ताई, हा तुमच्या लोकांचा किल्ला." तो आदरानेच बोलला. पण हा आदर घ्यावा की नाही, हे ठरेना. सिद्दी आफ्रिकेतून आले, हबशी म्हणून ओळखले गेले, म्हणून मुलखाला हबसाण म्हणत. त्यांच्याआधी या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता असे सांगतात. ८ मार्च १९४८ला संस्थान विलीन झाले तेव्हा त्याच्या प्रजेत बहुसंख्य हिंदूच होते. बीडच्या मुलीचा यात कोणता हिस्सा आणि उरणच्या मुलीचा कोणता? वर्गातली मुले परत आल्यावर हाच प्रश्न विचारणार, आमचा होता का त्यांचा. आमच्याकडे तयार उत्तर नाही. एवढे ठरवले की आधी मेढेकोटापासून सांगायचे, मग आफ्रिकेपासून, आणि वाटाड्याला आगाऊच विनंती करायची की किल्ला दाखवा, मालक आम्ही वर्गात शोधू.

परतीला त्याच वाटेने न येता आम्ही पुढे गेलो. मुरूडजवळच्या आगरदांड्याहून राजापुरीची खाडी ओलांडून दिघीला जाता येते. गाड्या नेणारी फेरीबोट आहे. पायी माणसाचे तिकीट किरकोळ. गाड्यांच्या काचा बंद होत्या आणि आत गाणी चालू होती, कठड्याशी वाऱ्यात उभे फक्त आम्ही आणि दोन मच्छीवाल्या. दिघीहून बोर्लीपंचतन आणि तिथून श्रीवर्धन, दोन एस.टी. बदलून. दिघीला गाडीची वाट पाहण्यात दीड तास गेला. हा भाग सोपा नाही. २०२१-२२च्या लांबलेल्या संपानंतर आडगावच्या कितीतरी फेऱ्या पुन्हा पूर्वीसारख्या झाल्याच नाहीत, असे थांब्यावरचे म्हातारे सांगत होते. ज्या दोन गावांत रोज जाणारे विद्यार्थी आहेत तिथे एस.टी. सकाळी आणि संध्याकाळी हमखास असते, दुपारी नशीब. शिक्षिका असल्याचा हा फायदा, शाळा सुटायची वेळ विचारली की गाडीची वेळ कळते.

श्रीवर्धनला ओळख नव्हती. बाजारपेठेमागच्या एका वाडीत 'खोली मिळेल' अशी पाटी पाहून दारात उभे राहिलो आणि या वेळी आधीच नावे सांगून टाकली. काकूंनी ती ऐकली आणि विचारले, "अंडी-मांस घरात चालत नाही, मग वरण-भात-मोदक चालेल का?" एवढाच प्रश्न. संध्याकाळी त्यांनी वाडी दाखवली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्यांच्या निम्म्याहून अधिक पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावली तरी धरायला वर्षे जातात, म्हणून त्यांनी खोल्या काढल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ही या गावची कमाई होती. आता पाहुणे ही कमाई. रात्री त्यांनी आमच्या बीडवालीकडून ज्वारीच्या भाकरीचे पीठ कसे मळायचे ते शिकून घेतले. नमाजासाठी चटई मागितली तेव्हा धुतलेली चादर दिली आणि पश्चिम कुठे ते बोटाने दाखवले. ते दाखवायची गरज नव्हती, त्या बाजूने समुद्राचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी म्हसळ्यात जेवण, माणगावपर्यंत एस.टी., माणगावहून कोकण रेल्वेची पॅसेंजर, पनवेलला उतरून बेलापूर, आणि बेलापूरहून उरणची लोकल. द्रोणागिरी स्टेशनात उतरलो तेव्हा प्रत्येकीजवळ चारशेच्या वर रुपये उरले होते. या लोकलचे आम्हा उरणकरांना अजून अप्रूप आहे. १२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी दोन उद्घाटने झाली, उरणच्या लोकलचे आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे. जवळपास बावीस किलोमीटरचा सेतू वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता; त्यावर मोटारसायकल आणि रिक्षाला बंदी आहे, काही बसगाड्या जातात तेवढ्याच. लोकल आतल्या पानावर होती. आमच्या शाळेतल्या मुलांचे आयुष्य कशाने बदलले हे विचारले, तर ती आतल्या पानाकडे बोट दाखवतील.

आता करंजा-रेवस पूल होतो आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते १९८० ते १९८२, तेव्हापासून या पुलाची आणि किनारी रस्त्याची चर्चा आम्ही ऐकत आलो. ते आंबेतचे, खाडीकाठचे. पलीकडे जाण्यासाठी थांबून राहणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते. पूल व्हायला हवा. रात्री बाळंतिणीला अलिबागला न्यायचे तर लाँचची वेळ पाहून चालत नाही. आमचे म्हणणे एवढेच की पूल झाल्यावर त्यावरून दर अर्ध्या तासाला एस.टी. जाणार का, हे कुणी आजच सांगावे. नाहीतर गाडीवाला दहा मिनिटांत पलीकडे आणि प्रवाशांअभावी लाँच बंद, असे झाले तर आज जी जवळची वाट आहे ती आमच्यासाठी पुन्हा पेणवरून सुरू होईल.

सुट्टीनंतर पालकसभा घेतली. फळ्यावर नकाशा काढला, खाडी निळ्या खडूने. शाळेच्या सहलीसाठी एस.टी. निम्म्या दराने मिळते, पण बस उरणहून घेतली तर पेणचा वळसा दोन्ही वेळा मोजावा लागतो. त्यापेक्षा मुले लाँचने रेवसला न्यायची आणि अलिबाग आगाराची बस तिथे बोलवायची, म्हणजे किलोमीटर वाचतात आणि मुले खाडी पाहतात. समुद्रात कुणी पाय घालणार नाही, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटणार नाही, किल्ल्यावर दहादहाच्या तुकड्या. वडील मंडळी बस, जेवण, परतीची वेळ विचारत होती. आया पाण्याचे विचारत होत्या. तीन मुलींच्या घरून नकार आधीच आला होता, तो बदलला नाही. त्यांच्या घरी आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. शेवटी मागच्या बाकावरून आमच्या एका विद्यार्थिनीची आई उठली. तिचा नवरा ट्रेलर घेऊन नागपूरला गेला होता. ती म्हणाली, "मिस, मेरी बेटी जाएगी. लेकिन मैंने भी नहीं देखा है." मग नकाशाकडे पाहत तिने विचारले, "हमको भी हाफ लगता है ना?"